आणखी एकच प्रकरण!

जबलपूरच्या रांझी भागात अनेक घरांचा दिवस खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या आणि वाहन कारखान्याच्या पाळीवर चालतो. सकाळी लवकर उठायचे असते. तरीही पोलिसी रहस्यकादंबरी हाती आली, की ‘आणखी एकच प्रकरण’ म्हणता म्हणता मध्यरात्र उलटते. असे काय असते तिच्यात?

मुंबई-अलाहाबाद लोहमार्गावरच्या या शहरातील मराठी वाचकाला दोन दालने खुली होती. एकीकडे बाबुराव अर्नाळकरांचा काळा पहाड, दुसरीकडे अलाहाबादहून १९५२ साली सुरू झालेली इब्ने सफींची ‘जासूसी दुनिया’. काळा पहाड कायद्याला बगल देतो. सफींचा फरीदी, म्हणजे हिंदीतला विनोद, मात्र पोलीस अधिकारी. अधिकाराबरोबर बंधनेही आलीच.

खरी रंगत या बंधनांतच आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर त्यापुरताच भाग ग्राह्य धरतात. १८७२ च्या कायद्यातला हा नियम २०२४ साली लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. तेव्हा चार थपडा लगावून कबुली घेणारा इन्स्पेक्टर गोष्ट संपवतो, गुन्हा सिद्ध करत नाही.

चांगला लेखक त्याला चिखलातला ठसा, न जुळणारी वेळ, शेजाऱ्याच्या तोंडून निसटलेला शब्द शोधायला लावतो. तेच धागे वाचकाच्याही हाती देतो.

म्हणून मुलांच्या हातात अशी कादंबरी दिसली, तर ती हिसकावू नका. एवढेच विचारा, ‘गुन्हेगार कोण ते कळले, पण पुरावा काय?’