संज्ञा आणि संख्या : इंग्लंडमधील बालसेवांच्या देखरेखीचा एक विचार

संख्या कानी पडली की ऐकणाऱ्याचे लक्ष तिच्या लहानमोठेपणाकडे जाते. ती कशाची संख्या आहे हे सांगणाऱ्या शब्दाकडे सहसा जात नाही. इंग्लंडमधील स्थानिक परिषदा आपल्या बालसेवांच्या कामावर देखरेख कशी ठेवतात, हा विषय वरवर पाहता प्रशासनशास्त्राचा आहे. तथापि ही देखरेख ज्या संज्ञांवर उभी आहे त्यांचा विचार केल्यावाचून तिचे यशापयश नीट कळत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम व्यवस्थेचे स्थूल स्वरूप पाहू. १९८९ च्या बालक अधिनियमाने परिषदांवर प्रामुख्याने तीन कर्तव्ये सोपविली : कलम १७ अन्वये ‘गरजू’ बालकास साहाय्य देणे, बालकास गंभीर अपाय होत असल्याची किंवा होण्याचा संभव असल्याची सकारण शंका आल्यास कलम ४७ अन्वये चौकशी करणे, आणि ज्यांचे संगोपन स्वगृही होऊ शकत नाही अशा बालकांचा सांभाळ करणे. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिंबिए छळामुळे मरण पावली. लॉर्ड लॅमिंग यांचा चौकशी-अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००४ च्या अधिनियमाने बालसेवांसाठी एक संचालक व एक उत्तरदायी निर्वाचित सदस्य नेमणे परिषदांना बंधनकारक केले.

देखरेख तीन स्तरांवर चालते. संचालक व वरिष्ठ अधिकारी आकड्यांचा नियमित आढावा घेतात. निर्वाचित सदस्यांची छाननी समिती त्यांवर प्रश्न विचारते. आणि ३१ मार्च रोजी संपणाऱ्या वर्षाची माहिती केंद्रीय शिक्षण खात्याकडे जाते. ऑफस्टेड ही तपासणी-संस्था २००७ पासून या सेवांची बाहेरून पाहणी करीत आली आहे.

आता संज्ञांकडे वळू. शाळा, डॉक्टर किंवा पोलीस यांच्याकडून एखाद्या मुलाविषयी वर्दी आली, तर तिची नोंद ‘काँटॅक्ट’ म्हणून करावयाची की ‘रेफरल’ म्हणून? पहिलीत केवळ संपर्क अभिप्रेत आहे. दुसरीत प्रकरण हाती घेणे. या दोहोंमधील सीमारेषा सर्व परिषदा एकाच ठिकाणी आखीत नाहीत. मग बारा महिन्यांच्या आत पुन्हा आलेल्या रेफरलचे शेकडा प्रमाण दोन परिषदांत ताडून पाहिले, तर आपण कामाची तुलना करतो की शब्दाच्या अर्थाची? शिवाय हे प्रमाण वाढले म्हणजे पहिले साहाय्य अपुरे पडले असेल. अथवा शेजारच्या शाळेचा परिषदेवरील विश्वास वाढला असेल. आकडा एकच, अर्थ परस्परविरोधी.

दुसरे उदाहरण ‘स्थैर्य’ या कल्पनेचे. परिषदेच्या सांभाळात असलेल्या किती बालकांना एका वर्षात तीन किंवा अधिक ठिकाणी राहावे लागले, हा येथील मापदंड. परंतु तातडीच्या आश्रयातून तात्पुरत्या कुटुंबात आणि तेथून स्वतःच्या आजीकडे गेलेले मूल या हिशेबात अस्थिर ठरते. उलट, एकाच घरात मुकाट्याने दुःख सोसणारे मूल स्थिर ठरते.

संज्ञा फसविते तेव्हा काय घडते, याचे दारुण उदाहरण उत्तर लंडनमधील हॅरिंगे येथे सापडते. ऑगस्ट २००७ मध्ये तेथे पीटर कॉनली हे १७ महिन्यांचे बालक घरातील अत्याचारांमुळे मरण पावले. आरोग्यसेवक, समाजकार्यकर्ते इत्यादींनी त्यास आठ महिन्यांत सुमारे ६० वेळा पाहिले होते. त्याच वर्षीच्या वार्षिक मूल्यमापनात ऑफस्टेडने या परिषदेच्या बालसेवांस ‘चांगल्या’ असा शेरा दिला होता. हे मूल्यमापन बव्हंशी परिषदेनेच पुरविलेल्या माहितीवर आधारलेले होते. डिसेंबर २००८ मध्ये जाहीर झालेल्या विशेष तपासणीच्या अहवालात त्याच सेवा ‘अपुऱ्या’ ठरल्या. ‘भेट’ या एका शब्दाखाली मुलाला नुसते पाहणे आणि त्याची स्थिती पारखणे या दोन्ही क्रिया मोजल्या जातात. त्यांतील अंतर किती जीवघेणे असू शकते, हे येथे दिसते.

प्राध्यापिका आयलीन मन्रो यांनी २०११ च्या अहवालात नेमके या वृत्तीवर बोट ठेवले : नियम व मुदती पाळण्यातच यंत्रणा गुंतली असून बालकाचा अनुभव दुय्यम ठरला आहे. २०१३ च्या मार्गदर्शिकेने प्राथमिक व सविस्तर अशा दोन वेगळ्या पाहण्या रद्द करून कमाल ४५ कामकाजाच्या दिवसांची एकच पाहणी ठरविली. मुदत राहिलीच, आणि ती राहावयास हवी. कारण खोळंबलेली पाहणी हाही बालकावर अन्यायच होय. परंतु पाहणी ४४ व्या दिवशी पूर्ण झाली, एवढ्यावरून समाजकार्यकर्ता मुलाशी एकांतात बोलला की नाही हे कळत नाही.

म्हणून आकड्यांच्या जोडीला प्रत्यक्ष प्रकरणांचे कागद काढून वाचणे, सांभाळातील मुलांचे म्हणणे ऐकणे आणि प्रत्येक मुलाच्या संगोपन-योजनेचा स्वतंत्र अधिकाऱ्याकडून आढावा घेणे, हे मार्ग अवलंबिले जातात. हे मार्ग आकड्यांना पर्याय नव्हेत; ते आकड्यांचे भाष्य होत. आकड्यांवाचून शेकडो प्रकरणांतील दोष नजरेस येत नाही आणि भाष्यावाचून तो कसला दोष हे उमगत नाही. छाननी समितीवरील सदस्याने ‘प्रमाण किती?’ असे विचारण्यापूर्वी ‘या शब्दाखाली आपण काय काय मोजले?’ असे विचारावे. हा प्रश्न शब्दार्थाचा दिसतो खरा. पण त्याच्या उत्तरावर एखाद्या बालकाची सुरक्षितता अवलंबून असू शकते.