लोहमार्गाची पायवाट होताना

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा हा सुमारे ५१ किलोमीटरचा बंद पडलेला लोहमार्ग १९६७ साली पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी खुला झाला. पुढे अशा अनेक पायवाटा तयार झाल्या. परंतु रूळ उखडले म्हणजे जमीन निर्दोष झाली, असे मात्र नव्हे.

लाकडी स्लीपर कुजू नयेत म्हणून ते दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या क्रिओसोटात मुरवीत. तण मारण्यासाठी एके काळी सोमलाची संयुगे फवारली जात. त्यांत इंजिनांच्या राखेची भर पडे. सोमल मातीत दीर्घकाळ टिकून राहतो. म्हणून खोदकामापूर्वी, विशेषतः जुन्या यार्डांच्या जागी, मातीची तपासणी करणे अगत्याचे ठरते. पुष्कळदा दूषित माती न हलविता तिच्यावर स्वच्छ खडीचा किंवा डांबराचा थर देणे अधिक श्रेयस्कर असते. त्यामुळे विषारी धूळ उडत नाही. जुने स्लीपर जाळणे किंवा भाजीच्या वाफ्यांना लावणे धोक्याचेच.

याला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेच्या मध्यभागातील मूळ गवताळ प्रदेश नांगराखाली गेला, तेव्हा लोहमार्गालगतच्या कुंपणाआडच्या चिंचोळ्या पट्ट्यांत त्याचे काही अवशेष तगून राहिले. वाट रुंद करण्याच्या उत्साहात यंत्रे तेथे फिरली, तर शतकभर टिकलेली ही वनस्पतिसृष्टी चार दिवसांत नष्ट होईल. तेव्हा कोठे झाकावे आणि कोठे हातही लावू नये, याचा निर्णय आराखड्यापूर्वीच झाला पाहिजे.