दोन ग्राफिक्स कार्डांचा मदरबोर्ड घेताय? आधी हे तपासा

ॲनिमेशन, व्हीएफएक्स, व्हिडिओ एडिटिंग शिकणारी मुले आता आपल्या बऱ्याच घरांत आहेत. अंधेरी असो, बोरिवली, घाटकोपर की मुलुंड, एक दिवस मागणी येतेच, "अब्बू, दोन ग्राफिक्स कार्ड बसतील असा मदरबोर्ड पाहिजे." मग पावले लॅमिंग्टन रोडकडे वळतात. घरची बचत तिथे मोजून देण्याआधी चार गोष्टी समजून घेऊ या.

पहिली गोष्ट, काम कोणते? फक्त गेमसाठी हवे असेल तर दोन कार्डांचा नाद सोडा. एनव्हिडियाने २००४ मध्ये एसएलआय आणले, पण २०२१ पासून त्याची नवी प्रोफाइल देणे थांबवले. बहुतेक नवे गेम दुसरे कार्ड वापरतच नाहीत. ब्लेंडरमधले सायकल्स रेंडरिंग मात्र दोन्ही कार्डांना काम वाटून देते. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती विंडोजवर एकच कार्ड वापरते.

दुसरी गोष्ट, स्लॉट. बोर्डावर दोन लांब स्लॉट दिसले म्हणजे झाले, असे नाही. दुसरा स्लॉट लांबीला पूर्ण, पण आत फक्त चार लेनचा, असे पुष्कळदा असते. मॅन्युअलमध्ये 'एक्स८ / एक्स८' असे लिहिलेले शोधा. इंटेलच्या झेड७९० चिपसेटवर अशी वाटणी शक्य असते, बी७६० वर नाही. झेड७९० चा प्रत्येक बोर्डही ती देत नाही, म्हणून मॉडेलचे पूर्ण नाव बघूनच ठरवा.

तिसरी, जागा आणि हवा. आजची कार्डे जाड असतात. दोन स्लॉट जवळजवळ असतील तर वरच्या कार्डाला हवा मिळत नाही, आणि मुंबईचा उकाडा आपल्याला माहीतच आहे.

चौथी, वीज. आरटीएक्स ३०६० एकटे १७० वॅटपर्यंत घेते, म्हणजे दोन कार्डांचेच ३४० वॅट झाले. प्रोसेसर वेगळा. पॉवर सप्लाय त्या हिशेबाने घ्या.

अजून एक गैरसमज काढून टाकू. १२ जीबीची दोन कार्डे लावली की २४ जीबी झाले, असे रेंडरिंगमध्ये साधारणपणे होत नाही. पूर्ण सीन प्रत्येक कार्डात मावावा लागतो.

म्हणून आमचा सल्ला असा: आधी क्लासमधून सॉफ्टवेअरची यादी आणा. शिकायला सुरुवात करणाऱ्याला एक चांगले कार्ड पुरते. रेंडरिंगचे पैसे मिळू लागले की दुसऱ्याचा विचार करा, आणि तसा बेत पक्का असेल तरच आज महागडा बोर्ड घ्या.