इंग्रजीतल्या ‘गेट’ला पोर्तुगीजमध्ये एकच शब्द का चालत नाही?

इंग्रजीच्या आधाराने पोर्तुगीज शिकताना आधी अडवतं ते ‘गेट’ हे छोटंसं क्रियापद. पत्र मिळालं तर ‘रेसेबेर’, घरी पोहोचलात तर ‘शेगार’, प्रयत्नांनी नोकरी मिळवली तर ‘कोन्सेगिर’ आणि दमलात तर ‘फिकार’. इंग्रजीत चारही ठिकाणी ‘गेट’च!

‘टू बी’चं प्रकरण जास्त नाजूक आहे. ओळख किंवा स्वभाव सांगायला ‘सेर’, सध्याची अवस्था सांगायला ‘एस्तार’. डॉक्टरांना ‘एस्तोउ दोएन्ते’ म्हटलं, तर तुम्ही सध्या आजारी आहात. ‘सोउ दोएन्ते’ म्हटलं, तर आजार कायमचा आहे असा अर्थ निघू शकतो.

वाक्प्रचारांत तर शब्दाला शब्द ठेवून भागतच नाही. जोरदार पावसात इंग्रजीत कुत्री-मांजरं पडतात, पोर्तुगीजमध्ये घागरी ओततात: ‘शोवेर आ कान्तारोस’. मराठीत तोच पाऊस मुसळधार.

मग करायचं काय? इंग्रजी वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. मिळणं, पोहोचणं, मिळवणं, दमणं हा फरक मराठी लगेच दाखवते. त्या अर्थाचं पोर्तुगीज क्रियापद शोधा. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ मात्र वेगळे लक्षात ठेवावे लागतात, कारण आपल्याकडे दोन्हींना ‘आहे’च!