‘देवबाप’ आणि ‘मायबाप’ : मराठी ख्रिस्ती ग्रंथांतील ईश्वराचें वात्सल्य

मराठी कागदपत्रें चाळणारास ‘मायबाप’ हा शब्द नवा नाहीं. रयत सरकारास अर्ज करिते तेव्हां सरकार मायबाप. आश्रित धन्यास लिहितो तेव्हां धनी मायबाप. आणि वारकरी विठ्ठलास आळवितो तेव्हां तोही मायबापच. शब्द एक, पण भाव निरनिराळे. ह्यांत आणखी एका अर्थाची भर ख्रिस्ती ग्रंथकारांनीं घातली. मुखपृष्ठ गळालेलें, कर्त्याचें नांव नसलेलें ओवीबद्ध बाड हातीं आलें, तर त्यांतील ‘बाप’ कोणता हें ओळखल्यावांचून त्या बाडाचें कूळ ठरत नाहीं. म्हणून ख्रिस्ती मतांत ईश्वराच्या पितृत्वाचा नेमका अर्थ काय, व तो मराठींत कोणत्या वाटांनीं आला, हें प्रस्तुत लेखांत थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

बदलापूरनजीकची खरवई उल्हास नदीच्या खोऱ्यांत वसली आहे. अंबरनाथच्या शके ९८२ च्या शिलालेखामुळें हा टापू संशोधकांच्या परिचयाचा आहेच. उल्हासचें पाणी येथून कल्याणाकडे उतरतें आणि पुढें वसईच्या खाडीनें समुद्रास मिळतें. ह्या एका जलमार्गावर आमच्या विषयाचीं दोन टोंकें सांपडतात. खाडीच्या मुखाशीं पोर्तुगीज अमलांत वाढलेली ख्रिस्ती वस्ती. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, तरी ती वस्ती व तिची मराठी बोली टिकून राहिली. दुसरें टोंक कल्याण. बदलापुराहून तें अवघें चार-पांच कोसांवर. तेथें १८६९ ते १८७३ पर्यंत एका चित्पावन कुटुंबांतील मुलाचें प्राथमिक शिक्षण झालें. तो मुलगा म्हणजेच पुढें ख्रिस्ती कवि म्हणून गाजलेले नारायण वामन टिळक.

आधीं मूळ सिद्धांत पाहूं. यहुदी शास्त्रांत ईश्वर हा मुख्यतः एका राष्ट्राचा पिता आहे. तथापि तेथेंही कोमल भाव आहेच. १०३ व्या स्तोत्रांत ईश्वराच्या दयेस बापाच्या मायेची उपमा दिली आहे. यशयाच्या ग्रंथांतील ४९ व्या व ६६ व्या अध्यायांत तर आईचा दृष्टांत आला आहे. येशूनें ही कल्पना व्यक्तीच्या अंतःकरणापर्यंत आणिली. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील पर्वतावरील प्रवचनांत पेरणी-कापणी न करणाऱ्या पांखरांस पोसणारा व रानांतील फुलांस नटविणारा तो स्वर्गांतील पिता, तुमची गरज जाणतो, असें त्यानें सांगितलें. भाकर मागणाऱ्या मुलास कोणताही बाप धोंडा देत नाहीं, हा दृष्टांतही तेथलाच. लूकच्या १५ व्या अध्यायांतील उधळ्या पुत्राच्या कथेंत तर मुलगा दूर असतांनाच म्हातारा बाप धांवत पुढें जातो. सरकारच्या दारीं अर्जदार चालत येतो. येथें मायबापच धांवत येतो. भेद येथूनच सुरू होतो.

ह्याहून महत्त्वाचा भेद पौलाच्या पत्रांत आहे. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायांत भाविकाचें पुत्रत्व हें दत्तकपणाचें आहे, असें तो म्हणतो. दत्तकपत्रें आमच्या वाचकांनीं पुष्कळ पाहिलीं आहेत. त्यांत निपुत्रिक घराची चिंता असते: वंश खुंटूं नये, पिंडदान चालावें, वतन टिकावें. म्हणजे गरज घेणाराची असते. रोमन लोकांतही घराणें व वारसा चालविण्यासाठीं दत्तक घेत. ख्रिस्ती सिद्धांतांत हा व्यवहार उलटा होतो. पित्यास पुत्र आधींच आहे. त्याचें घर रिकामें नाहीं. तरीही तो परक्यास घरांत घेतो आणि आपल्या पुत्राबरोबर वारसाचा हक्क देतो. येथें गरज सर्वस्वी दत्तकाची आहे. ख्रिस्ती मनुष्य ज्यास कृपा म्हणतो ती हीच. म्हणून ख्रिस्ती ग्रंथांतील ‘बाप’ ही मर्जी संपादण्याची अर्जांतील भाषा नव्हे; मिळालेल्या नात्याची ती कबुली आहे.

ह्या वात्सल्याचा अर्थ संकटांतून सूट असा मात्र नाहीं. मार्काच्या १४ व्या अध्यायाप्रमाणें, क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्रीं येशूनें ‘अब्बा’ ह्या अरामी शब्दानें पित्यास हांक मारिली आणि हा प्याला टळावा अशी विनंती केली. तो टळला नाहीं. ख्रिस्ती भक्ताच्या पितृनिष्ठेची कसोटी येथेंच आहे.

हा सिद्धांत मराठी ओवींत प्रथम विस्तारानें मांडिला तो फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइट पाद्र्यानें. तो २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरला, व १० नोव्हेंबर रोजीं त्यानें प्रवासाची हकीकत पत्रानें आपल्या वडिलांस लंडनला कळविली. तें पत्र हॅक्लूटच्या प्रवाससंग्रहांत छापलें गेलें. त्याचें आयुष्य पुढें साष्टींत गेलें. जुनीं पुराणें ज्यांस वर्ज्य झालीं होतीं अशा नवख्रिस्ती मंडळींकरितां त्यानें सुमारें अकरा हजार ओव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ रचिलें. तें १६१६ त राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. १६४९ व १६५४ सालींही तें निघालें. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाहीं. पुढें १६८४ त देशी भाषांच्या वापराविरुद्ध पोर्तुगीज सरकारचा हुकूम निघाला. तरी हस्तलिखितांच्या रूपानें ग्रंथ जगला, व तशा प्रतींवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ त मंगळूर येथें तो रोमन लिपींत छापिला. लंडनच्या मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रतींत परकी शब्दांऐवजीं संस्कृत वळणाचे शब्द आहेत, ही गोष्ट पाठचिकित्सेच्या दृष्टीनें मोलाची आहे. देवनागरी छापील आवृत्ति शांताराम बंडेलू यांनीं १९५६ त काढिली.

‘क्रिस्तपुराणा’च्या मंगलाचरणांतच देवास बाप म्हणून संबोधिलें आहे. वाचणारास वाटेल कीं हा आमच्या संतांचाच सूर. परंतु स्टीफन्सचा ‘बाप’ हा त्रैक्याच्या सिद्धांतांतील पहिल्या व्यक्तीचें नांव आहे. त्याच्या जोडीस पुत्र व पवित्र आत्मा येतात. वेष मराठी पुराणाचा, पण परिभाषा चर्चची, असा हा प्रकार आहे.

एकोणिसाव्या शतकांत दुसरी वाट उघडली. श्रीरामपूर येथें केरीच्या देखरेखीखालीं, व नंतर मुंबईस अमेरिकन मिशनऱ्यांच्या हातून, नव्या कराराचीं मराठी भाषांतरें झालीं. १८४२ त ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. आतां हा ‘बाप’ गद्यांतून घरोघर जाऊं लागला. परंतु त्यास मराठी भक्तीचा ओलावा मिळाला तो टिळकांच्या हातून. टिळक १८६१ त जन्मले. वडील वामनराव फार कडक; आई जानकीबाई प्रेमळ व कवितेच्या आवडीच्या. टिळक लहान असतांनाच आई वारल्या आणि मुलानें घर सोडून नाशिकची वाट धरिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त हा गुरुमाउली होतो. कडक बाप व हरपलेली आई ह्यांवरून ह्याचा उलगडा करण्याचा मोह होतो. पण कवीचें सर्व काव्य त्याच्या बाळपणांतून काढणें हें प्रमाणास सोडून होईल. माउलीची भाषा त्यांस वारकरी पंथानें आयती दिली होती, एवढें मात्र निश्चित.

येथें एक बारकावा ध्यानांत घ्यावा. विठ्ठल हा एकाच वेळीं माय आणि बाप. टिळकांच्या काव्यांत आईपण विशेषेंकरून ख्रिस्तास, म्हणजे पुत्रास, दिलेलें आहे. ही त्यांची मनमानी नव्हे. मत्तयाच्या २३ व्या अध्यायांत येशूनें स्वतःस पिलें पंखांखालीं घेऊं पाहणाऱ्या कोंबडीची उपमा दिली आहे, आणि चौदाव्या शतकांत इंग्लंडांत नॉर्विचच्या ज्युलियन ह्या साध्वीनेंही येशूस आई म्हटलें आहे. टिळकांनीं ख्रिस्ती परंपरेंतील हा क्षीण झरा मराठी पात्रांत वाहता केला. त्यांची ‘बापाचे अश्रू’ ही अपत्यशोकाची विलापिका व लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलेलें ‘ख्रिस्तायन’ हीं दोन्ही शेजारीं ठेवून वाचावीं. पित्याचें प्रेम व पित्याचें दुःख हीं त्यांच्या दृष्टीनें दूरचीं नव्हतीं, हें कळून येईल.

हें वात्सल्य ग्रंथांतच राहिलें नाहीं. पंडिता रमाबाईंनीं कोंवळ्या वयांत अन्नान्नदशेंत आईवडील गमाविले. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत निराधार मुलींस गोळा करून त्यांनीं केडगांव येथें ‘मुक्ति’ संस्थेच्या आश्रयाखालीं आणिलें. मूळ भाषांवरून त्यांनीं केलेलें बायबलचें सुलभ मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ त, प्रसिद्ध झालें. स्वर्गांतील पिता पोरक्यांस घेतो, ह्या वचनाचा अर्थ त्यांनीं असा आचरून दाखविला.

आतां कोणी कोणापासून घेतलें, ह्या वादाविषयीं दोन शब्द. संतांचें वात्सल्य ख्रिस्ती मतापासून आलें, असें सुचविणारे लेखक होऊन गेले. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची. पोर्तुगीजांनीं गोवा घेतला १५१० त. ज्ञानदेवांस माउलीचे दृष्टांत उसने घेण्याचें कारण नव्हतें. उलट यशयाचा आईचा दृष्टांत ज्ञानेश्वरीच्या कित्येक शतकें आधींचा. दोन्ही झरे स्वतंत्र आहेत. संगम झाला तो मराठी ख्रिस्ती ग्रंथांत, आणि तोही मागाहून.

म्हणून संग्राहकांनीं अनामिक बाड तपासतांना तीन खुणा पाहाव्या. ‘बाप’ ह्या शब्दाच्या जोडीस ‘पुत्र’ व ‘आत्मा’ हे पारिभाषिक शब्द येतात काय? भक्ताचें लेंकुरपण उपजत मानिलें आहे, कीं दिलेलें? आणि आईचें नांव देवास दिलें आहे, कीं पुत्रास? शेवटचे दोन पानांचे तुकडे जरी उरले असले, तरी ह्या तीन प्रश्नांवरून कूळ बहुधा कळेल. कल्याण-वसईच्या मुलुखांत, उल्हासच्या दोन्ही कांठीं, ज्यांच्या संग्रहीं ओवीबद्ध सुटीं पानें पडून असतील, त्यांनीं तीं ‘संतकाव्य’ अशी चिठी लावून बांधून ठेवण्यापूर्वीं एकवार ह्या दृष्टीनें पाहावीं, एवढीच आमची विनंती आहे.