कात्रीने केलेले वाचन

ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजी भाषेचे अध्यापन करणारे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन यांनी घरच्या मुलांना ऐकवलेली एक अद्भुतकथा १९३७ साली ‘द हॉबिट’ या नावाने प्रसिद्ध झाली. ती छापावी की न छापावी, याविषयी प्रकाशकाने आपल्या दहा वर्षांच्या मुलाचे मत घेतले होते आणि त्या मुलाने एका शिलिंगाच्या मोबदल्यात अनुकूल अभिप्राय लिहून दिला होता. उबदार बिळात राहणारा, वेळच्या वेळी न्याहारी करणारा आणि साहसाच्या नावानेच बिचकणारा बिल्बो बॅगिन्स हा हॉबिट, गँडाल्फ नामक जादूगाराच्या आग्रहाला बळी पडून तेरा बुटक्यांबरोबर घराबाहेर पडतो, स्मॉग या ड्रॅगनने बळकावलेले त्यांचे डोंगरातील वडिलोपार्जित राज्य परत मिळवण्याच्या खटपटीत सहभागी होतो आणि मनाने निराळा होऊन घरी परततो, एवढीच ती कथा. एकोणीस प्रकरणांची आणि सुमारे तीनशे पानांची.

या तीनशे पानांवर दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी २०१२, २०१३ आणि २०१४ अशा लागोपाठच्या वर्षांत तीन चित्रपट काढले, ज्यांची एकत्रित लांबी ४७४ मिनिटे, म्हणजे जवळजवळ आठ तास भरते. त्यांनीच पूर्वी टोल्किन यांच्या हजारांहून अधिक पानांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या महाकादंबरीवर जे तीन चित्रपट केले होते, त्यांची लांबी ५५८ मिनिटे होती, हे ध्यानात घेतले म्हणजे पृष्ठसंख्या आणि पडद्यावरचा काळ यांचे प्रमाण दुसऱ्या खेपेस किती बिघडले ते निराळे सांगावे लागत नाही. मुळात दोनच चित्रपटांची योजना होती. आधी नेमलेले दिग्दर्शक गियेर्मो देल तोरो २०१० साली बाजूला झाले, जॅक्सन यांना पूर्वतयारीस पुरेसा अवधी लाभला नाही आणि २०१२ च्या जुलैत, मुख्य चित्रीकरण आटोपल्यावर, तिसऱ्या चित्रपटाची घोषणा झाली. वाढलेली जागा भरण्यासाठी कादंबरीत ओझरता उल्लेख असलेला, ऑर्क नामक दुष्ट जमातीचा म्होरक्या अझोग हा बुटक्यांचा पाठलाग करणारा मुख्य वैरी बनला, गँडाल्फच्या गैरहजेरीतील हकीकत ‘रिंग्ज’च्या परिशिष्टांच्या आधारे रचली गेली, मूळ कथेत नसलेला, ‘रिंग्ज’मधला एल्फ लेगोलस दाखल झाला आणि टॉरिएल नावाची एक योद्धी एल्फकन्या नव्याने कल्पून तिच्याभोवती प्रेमाचा त्रिकोण उभारण्यात आला.

कादंबरीवर जीव असलेल्या प्रेक्षकांपैकी काहींनी यावर केवळ तक्रार न करता कात्री हाती घेतली. प्रकाशित चित्रपटाची प्रत घेऊन, त्यातील दृश्ये गाळून, त्यांचा क्रम बदलून किंवा ध्वनी नव्याने जुळवून स्वतःच्या मनाजोगती आवृत्ती सिद्ध करायची, या प्रकाराला इंग्रजीत फॅन एडिट म्हणतात; आपण त्याला रसिक-संकलन म्हणू. या शतकाच्या आरंभी ‘स्टार वॉर्स’ मालिकेतील एका चित्रपटाच्या ‘द फँटम एडिट’ नामक संक्षिप्त आवृत्तीने या छंदाला प्रसिद्धी मिळवून दिली. मूळ कृतीचे मालकी हक्क निर्मात्यांकडेच असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ही बाब नाजूक आहे. म्हणून या रसिकांनी आपसांत एक दंडक पाळला, की आवृत्ती विकायची नाही आणि ज्याला ती पाहायची असेल त्याने मूळ चित्रपट रीतसर विकत घेतलेला असावा.

‘हॉबिट’च्या बाबतीत तिसरा चित्रपट प्रदर्शित होऊन महिना-दीड महिना होतो न होतो तोच, २०१५ च्या जानेवारीत, ‘द टोल्किन एडिट’ या नावाची साडेचार तासांची आवृत्ती प्रकट झाली. तिच्यात गँडाल्फची परिशिष्टातून आलेली मोहीम समूळ गाळली होती, प्रेमाचा त्रिकोण काढून टाकला होता, म्हाताऱ्या बिल्बोची प्रस्तावना वगळली होती; अझोगला मात्र पुष्कळ छाटूनही थोडी जागा ठेवावी लागली, कारण शेवटच्या युद्धाला कोणीतरी शत्रू हवा होता. पुढे सुमारे चार तासांच्या अधिक रेखीव आवृत्त्या निघाल्या. अभिनेता टॉफर ग्रेस याने तर तिन्ही चित्रपटांचा अर्क दोनच तासांत आणल्याचे सांगितले.

या आवृत्त्या ताडून पाहिल्या म्हणजे वरवर लांबीविषयी वाटणारा हा वाद मूलतः दृष्टिकोनाचा आहे, हे मला कळून आले. कादंबरीत वाचक बहुतेक सर्व काळ बिल्बोच्या पाठीशी उभा असतो. मर्कवुडच्या अरण्याच्या तोंडाशी गँडाल्फ निघून जातो तेव्हा तो बिल्बोच्या दृष्टीआड होतो आणि म्हणून वाचकाच्याही दृष्टीआड होतो, आणि त्या निराधारपणातच भित्र्या बिल्बोला शहाणपण व धैर्य सुचू लागते. चित्रपट गँडाल्फच्या मागोमाग जातो, अझोगच्या छावणीत डोकावतो आणि प्रेक्षक बिल्बोहून अधिक जाणता होऊन बसतो. ज्या संकलकाने ही दृश्ये काढली त्याने तासाभराची बचत केली हे खरेच, परंतु त्याहून मोठे काम असे केले, की गोष्ट ज्याची होती त्याला ती परत दिली.

तथापि संकलकाच्या अखत्यारात असते ती मुख्यतः वजाबाकी, आणि ती किती अवघड असते हे पिंपांच्या प्रसंगावरून दिसते. कादंबरीत एल्फराजाच्या तुरुंगातून बुटक्यांना सोडवण्यासाठी अदृश्य झालेला बिल्बो त्यांना रिकाम्या पिंपांत घालून झाकणे बसवतो आणि एल्फ ती पिंपे नदीत ढकलतात तेव्हा स्वतः एकाला बाहेरून बिलगतो. सारे घडते ते गुपचूप, थंडीत कुडकुडत. चित्रपटात पिंपे उघडी आहेत, काठावरून ऑर्क तुटून पडतात, एल्फांचे बाण सुटतात आणि किली या तरुण बुटक्याच्या पायात विषारी बाण रुततो. संकलक ऑर्कांना कापू लागला की लढाईच्या मधल्याच चौकटी हाती येतात. त्याने किलीची जखम कापली तर निराळीच पंचाईत उभी राहते, कारण त्या जखमेपायी किली आणि त्याच्यासह आणखी तिघे बुटके सरोवरावरच्या गावात मागे राहतात आणि डोंगरातील पुढच्या दृश्यांत ते चौघे चित्रित झालेलेच नाहीत. कादंबरीत डोंगरापाशी पोहोचलेले तेरा बुटके पडद्यावर नऊच दिसतात, आणि कोणतीही कात्री उरलेले चार निर्माण करू शकत नाही.

आवाजाचेही तसेच आहे. हॉवर्ड शोर यांचे संगीत दृश्याच्या श्वासाशी बांधलेले. चित्र मध्येच तोडले की चढत गेलेली सुरावट अधांतरी तुटते. चकतीवरील ध्वनी अनेक वाहिन्यांत विभागलेला असतो आणि मधल्या वाहिनीत बहुतांशी संवाद असतात, म्हणून निष्णात संकलक संवाद तेवढे राखून त्यांच्याखाली त्याच चित्रपटातील दुसरे संगीत अंथरतो, आणि सांधा ऐकू येत नाही. आणखी एक विशेष असा, की गोष्ट आखूड करू पाहणाऱ्यांना सर्वाधिक उपयोग झाला तो याच तिन्ही चित्रपटांच्या ५३२ मिनिटांच्या विस्तारित आवृत्तीचा. कारण अस्वलाचे रूप घेणाऱ्या बिऑर्नच्या दारी बुटक्यांना जोडीजोडीने हजर करण्याचा गमतीदार प्रसंग, मर्कवुडमधील निद्रा आणणारा ओढा, बुटक्यांचा म्होरक्या थोरिन याचा अंत्यविधी हे कादंबरीतले अस्सल धन चित्रगृहातील प्रतीतून वगळले जाऊन विस्तारित आवृत्तीतच उरले होते. म्हणजे छाटले गेले होते ते मूळचे, आणि राखले गेले होते ते उपरे.

मराठी वाचकाला या ठिकाणी पुण्याच्या भांडारकर संस्थेने केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. तेथे पंडितांनी प्रक्षिप्त मजकूर संहितेतून वेगळा केला, पण नष्ट केला नाही. तो तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवला. ‘हॉबिट’च्या एका संकलकानेही गाळलेल्या उपकथा एकत्र करून त्यांचा स्वतंत्र पुरवणी-चित्रपट केला, हे मला फार प्रशस्त वाटते. साम्य मात्र येथेच संपते. पंडितांपुढे मूळ ग्रंथ हरवलेला होता आणि उपलब्ध पोथ्यांवरून त्याचा माग काढायचा होता. येथे मूळ ग्रंथ प्रत्येकाच्या हाती आहे, आणि तपासणी चालली आहे ती त्याच्या पडद्यावरील रूपांतराची.

या खटाटोपात काही गमावलेही जाते, ते नमूद करणे न्यायाचे होईल. ‘हॉबिट’च्या पानांत स्त्री जवळजवळ नाहीच, टॉरिएलला हद्दपार केले की ती उणीव पुन्हा जशीच्या तशी उघडी पडते. शिवाय ज्याला हे चित्रपट ‘रिंग्ज’ची नांदी म्हणून पाहायचे आहेत, त्याच्या दृष्टीने गँडाल्फची मोहीम हा कथेचा कणाच आहे, आणि ती राखणाऱ्या आवृत्तीला चुकीची ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र अंधाऱ्या गुहेत बिल्बो आणि तिथला रहिवासी गोलम एकमेकांना कोडी घालतात, त्या प्रसंगाला हात लावावा असे सहसा कोणाला वाटत नाही.

आणि आश्चर्य असे, की त्याच प्रसंगाला स्वतः टोल्किन यांनी हात लावला होता. पहिल्या आवृत्तीत गोलम अदृश्य करणारी आपली अंगठी पैजेचे बक्षीस म्हणून देऊ करतो आणि हरल्यावर बिल्बोला सभ्यपणे वाट दाखवतो. पुढे ती अंगठी ‘रिंग्ज’चे बीज ठरली, तेव्हा १९५१ च्या आवृत्तीत त्यांनी ते प्रकरण बदलून घेतले. १९६० साली तर त्यांनी सबंध पुस्तक ‘रिंग्ज’च्या गंभीर धाटणीत नव्याने लिहावयास घेतले, म्हणजे जॅक्सन यांनी पुढे जे केले त्याच वाटेवर पाऊल टाकले, पण काही प्रकरणांनंतर ते थांबले आणि तो प्रयत्न त्यांनी सोडून दिला. मुलांसाठी सांगितलेल्या गोष्टीचा सूर हाच तिचा प्राण असतो, आणि तो चढवला की घटना त्याच राहूनही गोष्ट बदलते. रसिक-संकलक चित्रपटांतून तोच सूर पुन्हा ऐकू यावा म्हणून धडपडतात.

कादंबरीच्या अखेरीस बिल्बो घरी पोहोचतो तो आपल्याच घराचा लिलाव चाललेला पाहतो. तो मेला असे समजून लोकांनी त्याच्या वस्तू उचलून नेलेल्या असतात, आणि त्यातील पुष्कळशा त्याला दाम मोजून परत घ्याव्या लागतात. चित्रपटाची चकती रीतसर विकत घेऊन, रात्रीमागून रात्री एकेक चौकट तपासत बसलेल्या त्या अनामिक रसिकांची कैफियत याहून निराळी नाही. लहानपणापासून आपल्या मनात मांडून ठेवलेले सामानच ते दाम मोजून घरी आणीत आहेत.