परसातले लाल किडे: नाव ढेकणाचे, भूक सरकीची

दिवाळीच्या सुमारास नांदेडकडच्या परसात भेंडीच्या निबर शेंगांवर, अंबाडीच्या बोंडांवर नाहीतर रचलेल्या पऱ्हाटीवर लालभडक, बिनपंखी किडे घोळक्याने दिसतात. कुणीतरी ‘ढेकूण’ म्हणते आणि घरातल्या गाद्या उन्हात पडतात.

गाद्यांना त्रास देऊ नका. ही ‘लाल ढेकूण’ म्हणजे डिसडर्कस या कापसावरच्या किडीची पिल्ले आहेत. खाटेतला ढेकूण रक्तावर जगतो, यांची सोंड बियांसाठी असते. कापूस, भेंडी, अंबाडी, जास्वंद, सावर ही सारी एकाच कुळातली झाडे, म्हणून त्यांचा वावर तिथेच. १९८४ साली आलेल्या ‘नांदेड-४४’ या वाणामुळे ज्या गावाचे नाव कापूसवाल्यांच्या तोंडी बसले, तिथे त्यांना सरकीची वाण कशी पडेल? पऱ्हाटीला लटकलेल्या कवडीत, म्हणजे खराब कापसातही, सरकी असतेच.

शेजारी काळ्या ठिपक्यांचे, पंखवाले मोठे किडे दिसले की ती दुसरीच जात वाटते. ते याच पिल्लांचे आईबाप. फुलपाखरासारखा कोष यांच्यात नसतो. ओलसर मातीतल्या अंड्यातून निघालेले पिल्लू पाच वेळा कात टाकते, मधल्या अवस्थेत पाठीवर पंखांचे कोंब दिसू लागतात आणि शेवटच्या कातीनंतर पूर्ण पंख येतात. मोठ्यांची खूण सोपी: डोक्यामागे पांढरी पट्टी, पोटाखाली पांढरे आडवे पट्टे.

‘बीटी कापूस आहे, कीड कशी लागेल?’ हा प्रश्न अजून ऐकू येतो. बीटीतले विष बोंडअळ्यांसाठी आहे. रस शोषणाऱ्या किडींना त्याचे काही नाही. लाल ढेकणाने टोचलेल्या बोंडात बुरशी शिरते, रुई पिवळट पडते आणि मग व्यापारी भाव पाडतो.

दिसला लाल की चिरड, हेही चूक. अँटिलोकस नावाचा त्यांचाच लाल भाऊबंद या ढेकणांना पकडून खातो. त्याच्या अंगावर पांढरे पट्टे नसतात. फवारणीत आधी असा शिकारीच मरायचा.

खायच्या भेंडीवर तर औषध मारूच नका. सकाळी गारव्यात किडे सुस्त असतात, तेव्हा शेंगा साबणाच्या पाण्यावर झटका. बियाण्याच्या शेंगांना पातळ कापडाची पिशवी बांधा, आणि पऱ्हाटी घराजवळ रचण्याआधी तिच्यावरची कवडी तेवढी वेचून घ्या.